तीन सह्या, एक टाइपरायटर

२ ऑगस्ट २०००, सकाळी ७

बी, ई, एस, ई, ई, सी, एच, बिसीच! बिसीच म्हणजे विनवणी करणे! बेचाळीस पोरांचा एक आवाज, वर पत्र्याचं छप्पर, आणि टेबलावर ठेका धरणारी जयसिंग मास्तरांची छडी. उमरेडची शाळा, साल एकोणीसशे शेहेचाळीस. चोपन्न वर्षांनी आज तो आवाज जसाच्या तसा कानात आला. कारण, मैत्रीने आणलेली झेरॉक्स.

मैत्री म्हणजे माझी नात. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणते. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा, आणि त्या परीक्षेसाठी साडेतीन हजार इंग्रजी शब्द पाठ. यादी चाळली आणि डोळे भरून आले. सगळे माझेच शब्द! ज्या शब्दांपायी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं लोक मला हसले, ते शब्द आता अमेरिका मागते आहे. पेपरात उदारीकरण, उदारीकरण म्हणतात, ते हेच असावं.

संकल्प: रोज पन्नास शब्द मैत्रीला शिकवणे. सत्तर दिवसांत यादी खलास. परीक्षा चौदा ऑक्टोबरला, म्हणजे उजळणीला तीन दिवस उरतात. शिवाय रोज एक जुना शब्द अर्थासह या वहीत. शिवाय पहाटे फिरणे.

आजचा शब्द: बिसीच. अर्थ: कळकळीने विनवणे, गयावया करणे.

३ ऑगस्ट

फिरायला गेलो नाही. गुडघा. लिफ्ट बंद, आणि आपण चौथ्या मजल्यावर.

पहिला पाठ झाला. पन्नासांपैकी चार शब्द. पण कसे! 'अबाइड'ला आलो आणि चौथ्या रीडरातली दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची कविता आठवली. सबंध म्हणून दाखवली. चौदा कडवी. अकराव्यात अडलो, मग पुन्हा पहिल्यापासून. मैत्री मधूनमधून घड्याळ पाहत होती. मुलीला वेळेचं भान आहे. चांगलं लक्षण.

१९ ऑगस्ट

एकूण शब्द एकसष्ट. पाया भक्कम होतो आहे. द्वारका कांदा चिरता चिरता म्हणाली, की या वेगाने मैत्री अमेरिकेला पोचेल तेव्हा तिलाच व्हीलचेअर लागेल. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला एक कविता आवडलेली नाही.

मैत्री हल्ली रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे, राधाकडे जाते. प्रोजेक्ट आहे म्हणे. बरंच आहे. मुलांच्या डोक्यावर एकदम फार भार नको.

आजचा शब्द: असिड्युअस. अर्थ: चिकाटीने, नेटाने झटणारा. (स्वतःविषयी लिहू नये, पण सुचला.)

१४ ऑक्टोबर, दुपारी ३

दोन हजार एकशे दहा! चोवीसशेपैकी! कॉम्प्युटर परीक्षा संपल्या संपल्या मार्क सांगतो. आमच्या वेळी निकालाला दोन महिने लागायचे, तेवढे दोन महिने तरी माणूस सुखात असायचा.

यादीत मैत्री आणि मी 'सी'पर्यंत पोचलो होतो. त्याअर्थी परीक्षेत 'सी'पर्यंतच बरंचसं विचारलं असणार. माझा अंदाज बरोबर ठरला. द्वारका कुकरच्या शिट्टीत काहीतरी म्हणाली. राधाकडे, दोघी मिळून, रोज शंभर शंभर, तुम्हाला सांगू नका म्हणाली, असं काहीसं. नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

११ नोव्हेंबर

मैत्री सात विद्यापीठांना अर्ज करते आहे. प्रत्येकाला तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, सीलबंद. मी म्हटलं, वा, म्हणजे आता सर लोक तुझ्याविषयी मनापासून लिहिणार. ती हसली. म्हणाली, आजोबा, कॉलेजात सर लिहीत नाहीत. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. सगळ्यांचं असंच चालतं.

ऐकून क्षणभर वाईट वाटलं. मग विचार केला, आपल्या खात्यात तरी साहेबांची कुठली पत्रं साहेबांनी लिहिली? सगळी मी लिहिली. देश चालतो तो असाच.

मैत्रीने तिन्ही पत्रांचे कच्चे खर्डे माझ्याकडे दिले. प्रोजेक्टची घाई आहे, आजोबा, फक्त ग्रामर बघा, म्हणाली. फक्त ग्रामर!

१३ नोव्हेंबर

खर्डे वाचले. 'शी इज अ हार्डवर्किंग स्टुडंट.' अशा भाषेत माणूस शेजाऱ्याची म्हैससुद्धा शिफारस करणार नाही. तिन्ही नव्याने लिहायची ठरवली. मैत्रीला सरप्राइज.

माळ्यावरून टाइपरायटर काढला. खात्याच्या निर्लेखनात, म्हणजे भंगारात, निघाला तेव्हा मीच घेतला होता. ठणठणीत आहे. फक्त 'ई' हे अक्षर ओळीच्या वर उडी मारतं. त्याने लिखाणाला एक डौल येतो.

टेबलावर जागा नाही, तिथे मैत्रीचा कॉम्प्युटर. पलंगावर पाट, पाटावर मशीन. बाल्कनीतून समोर येरवड्याच्या तुरुंगाची भिंत. एकाग्रतेला उत्तम.

१६ नोव्हेंबर

तिन्ही पूर्ण. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. विभागप्रमुख आगटे सरांच्या पत्राची सुरुवात: 'आय हॅव हिदरटू नॉट बिहेल्ड अ मेडन सो असिड्युअस.' वेंकटरामन सरांची: 'इट बिहूव्हज मी टू टेस्टिफाय.' आणि साने मॅडमच्या पत्राचा शेवट: 'आय बिसीच यू टू व्हाउचसेफ हर अ सीट.' साने मॅडमचं वय एकोणतीस आहे असं कळतं. त्यांच्या तोंडी हे फार शोभून दिसतं.

आजचा शब्द: हिदरटू. अर्थ: आजपावेतो.

२२ नोव्हेंबर

मैत्रीला प्रोजेक्टमधून उसंत नाही, म्हणून सह्यांना मीच गेलो. रिक्षाने. आगटे सर फोनवर होते. एकीकडे बोलत एकीकडे सही. फक्त विचारलं, किती कॉप्या. वेंकटरामन सरांनी आपल्या नावाचं स्पेलिंग तपासलं आणि सही केली. साने मॅडमनी पहिली ओळ वाचली, अय्या, किती फॉर्मल, म्हणाल्या आणि सही केली. तिघांनीही मजकूर वाचला नाही. विश्वास म्हणतात तो हाच.

प्रत्येकी सात, एकूण एकवीस लिफाफे. चिकटवलेल्या तोंडावर पुन्हा सही, वर चिकटपट्टी. आता देवाने म्हटलं तरी उघडत नाही.

मैत्रीने घरी आल्यावर विचारलं, काही बदललं नाही ना फार? मी म्हटलं, थोडा हात फिरवला.

१ डिसेंबर

सातही अर्ज रवाना. जावक क्रमांक १ ते ७ अशी या वहीच्या मागच्या पानावर नोंद केली. पहाटे फिरायला उद्यापासून.

१७ डिसेंबर, सायंकाळी ६

तळमजल्यावरचा सौरभ न्यू जर्सीहून महिन्याच्या सुट्टीवर आला आहे. त्याला चहाला बोलावलं. म्हटलं, तिकडची काही कविता वगैरे? तो म्हणाला, आजोबा, तिकडे फक्त प्रोजेक्ट आणि बर्फ.

मग अर्जांचा विषय निघाला. मैत्री घरात नव्हती हे एक बरं. सौरभ म्हणाला, रेकोमध्ये, म्हणजे शिफारसपत्रांत, पोरं मार खातात. तिन्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटली की कमिटी फाइल बाजूला टाकते, फसवणूक म्हणून. त्याच्या बॅचच्या एका मुलाची तीन पत्रं एका फाँटमध्ये होती. तो अजून बिबवेवाडीत आहे.

मी सहज विचारलं, आणि समजा एकाच टाइपरायटरवर असली तर? सौरभ इतका हसला की बिस्किट बशीत पडलं. म्हणाला, आजोबा, दोन हजार साल आहे. टाइपरायटर कोण वापरतंय!

चहा गार झाला.

१८ डिसेंबर

एकवीस लिफाफे. प्रत्येकात वर उडी मारणारा 'ई'. 'हिदरटू' तिन्ही पत्रांत आहे. कार्बन प्रतींवर मोजलं. एकूण नऊ वेळा.

मैत्रीला सांगायला हवं. कळलं तर ती निदान नवी पत्रं पाठवेल, वेळ आहे अजून. उद्या नक्की.

१९ डिसेंबर

तिचं सबमिशन. आज नको.

२४ डिसेंबर

तिला सर्दी.

३१ डिसेंबर

नववर्षाचा संकल्प, एकच: उद्या सकाळी उठल्याबरोबर मैत्रीला सर्व सांगणे. वाक्यही तयार आहे. 'बाळ, मी तुझ्या पत्रांवर जरा जास्तच हात फिरवला.' घोकून ठेवलं.

आजचा शब्द: ॲनॉन. अर्थ: ताबडतोब. दुसरा अर्थ: थोड्या वेळाने. फार समजूतदार शब्द आहे.

१ जानेवारी २००१

सकाळी सगळे भीमा कोरेगावला. बसमध्ये मैत्री माझ्या शेजारीच होती. पण एवढी गर्दी, एवढे लोक, विजयस्तंभ. अशा दिवशी पडती गोष्ट काढू नये. परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपलेल्या माणसाला काय सांगायचं?

१५ जानेवारी

आता नवी पत्रं पाठवायची मुदत संपली. सौरभ म्हणाला होता, पंधरा तारीख शेवटची. म्हणजे सांगून तसा काही उपयोग उरला नाही. उपयोग नसताना एखाद्याला दुःख देणं ही क्रूरता आहे. बरं झालं घाई केली नाही.

२६ जानेवारी

सकाळी पंखा हलला, ताटं वाजली. गुजरातेत मोठा भूकंप. टीव्ही बघवत नाही. आज आपलं रडगाणं काढणं बरं दिसलं नसतं.

१३ फेब्रुवारी

आवक क्रमांक १. नकार. ई-मेलने आला. कॉम्प्युटर माझ्याच खोलीत, त्यामुळे वाईट बातमी आधी माझ्या पलंगापाशी येते. मोडेम किंचाळायला लागला की मी आधी चष्मा शोधतो. मैत्री म्हणाली, एक गेलं तर जाऊ दे आजोबा, सहा आहेत.

२७ फेब्रुवारी

आवक २ आणि ३. दोन्ही नकार.

सौरभ परत गेला, पण त्याची मेल आली. यंदा सगळ्यांनाच नकार येताहेत म्हणे, तिकडे कंपन्या बसल्या, विद्यापीठांनी हात आखडला. मैत्रीने ती मला वाचून दाखवली. सौरभला काय कळणार? तिन्ही नकार माझ्या पत्रांमुळे आहेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. पत्रं विसरण्यासारखी नव्हतीच.

९ मार्च

आवक ४. नकार.

द्वारकाने मला टाइपरायटरवर कापड घालताना पाहिलं. सगळं ओढून काढलं माझ्यातून. अर्ध्या तासात. पोलिसांत असायला हवी होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, अहो, तुम्हाला ती जायला नकोच आहे. मनातून नकोच आहे, म्हणून तोंड उघडत नाही तुमचं.

साफ खोटं. उलट मी तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला. ती गेली तर मला काय होणार आहे? संध्याकाळी शब्दांना बसायला कोणी नसेल, एवढंच. ती तशीही बसत नाही.

द्वारकाला मी शब्द दिला की आठवड्यात सांगेन. तीही तोवर गप्प राहायला तयार झाली. म्हणाली, मी सांगणार नाही. तुमचा घास तुम्हीच गिळा.

आजचा शब्द: ड्युरन्स. अर्थ: कैद. बाल्कनीचं दार आज लावूनच घेतलं.

१८ मार्च

आवक ५, ६. दोन्ही नकार. एकच उरलं.

मैत्री जेवली नाही. संध्याकाळी माझ्या पलंगाच्या काठावर येऊन बसली. म्हणाली, आजोबा, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मार्क चांगले, प्रोजेक्ट चांगला, तरी सहाच्या सहा जणांना मी नको आहे. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, सॉरी.

मला सॉरी म्हणाली.

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सून दीपमाला ड्यूटीवरून आली, पाणी कुठे आहे, गॅस कोणी चालू ठेवला, आणि तो क्षण निघून गेला.

२० मार्च, सकाळी १०

ठरलं. माणसाने कर्तव्य करावं ते सर्वात वरच्या अधिकाऱ्याकडे. मैत्रीला सांगून तिला त्रास देण्यापेक्षा थेट सातव्या विद्यापीठाला कळवावं, की ही पत्रं तिन्ही प्राध्यापकांची नसून या इसमाची आहेत, मुलगी निर्दोष आहे, तिला याची कल्पनाही नाही, शिक्षा द्यायची तर मला द्या, तिला जागा द्या.

दोन पानं झाली. 'आय, द अंडरसाइन्ड, अ ग्रँडसायर इन द विंटर ऑफ हिज डेज, डू हिअरबाय कन्फेस.' टाइप करताना दोनदा चष्मा पुसावा लागला. पुरावा म्हणून त्याच टाइपरायटरवर केलं, म्हणजे 'ई' जुळेल. खात्यातली सवय. कागद जोडल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.

आजचा शब्द: रू. अर्थ: केल्याचा पस्तावा करणे.

२१ मार्च

एअर मेलने रवाना केलं. जावक ८. तीन महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. पुलापर्यंत फिरूनही आलो. द्वारकाने विचारलं, सांगितलंत का? म्हटलं, योग्य ठिकाणी सांगितलं.

२७ मार्च, सकाळी ११.१०

ॲडमिशन मिळाली. सातव्यात.

मैत्री किंचाळली तेव्हा मला वाटलं मोडेमच. मग ती नाचत आली, माझे दोन्ही हात धरून गोल फिरवलं. गुडघ्यासकट. दीपमालाने दवाखान्यात फोन लावला, चिरंजीवांनी ऑफिसातून परत फोन लावला, द्वारका रडली. शेजारचे आले. पेढे आले. सगळे म्हणाले, आजोबा बघा, आनंदाने बोलतीच बंद झाली.

पत्र पोस्टात टाकून सहा दिवस झाले.

२८ मार्च

पोस्टात गेलो. म्हटलं, एकवीस तारखेला टाकलेलं पत्र परत हवं आहे. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, कुठलं? म्हटलं, अमेरिकेचं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, आजोबा, विमान आता समुद्रावर असेल. हात दाखवून थांबवू का?

मागच्या रांगेतली बाई हसली. मी अर्ज आहे का विचारलं. ते म्हणाले, अर्ज आहे, पण तो आठवडाभराने विमानाच्या मागून जाईल.

द्वारकाला सांगावं लागलं. तिने कपाळावर हात मारून घेतला नाही, हे विशेष. फक्त म्हणाली, आता तरी. आता तरी त्या पोरीला सांगा, म्हणजे ती त्यांना आधीच काहीतरी लिहील. म्हटलं, आज ती किती खुशीत आहे. आज नको.

२ एप्रिल

शांतपणे विचार केला. आपल्या पोस्टखात्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. त्र्याऐंशी साली उमरेडहून थोरल्या भावाने टाकलेलं पत्र मला अजून मिळालेलं नाही. त्याबद्दल मी वरपर्यंत इंग्रजीत कडक तक्रार केली होती. ती मनातल्या मनात मागे घेतली. माणसं चुकतात. चुकू द्यावीत.

आजचा शब्द: पेराडव्हेंचर. अर्थ: कदाचित, दैवयोगाने.

६ एप्रिल

विहाराचे आप्पासाहेब आले होते. वस्तीतून अमेरिकेला शिकायला जाणारी पहिली मुलगी, तेव्हा चौदा एप्रिलला जयंतीच्या मंचावर मैत्रीचा सत्कार. कापडी बॅनर रंगवायला टाकलं. आणि आजोबांनी दोन मिनिटं बोलायचं. इंग्रजीत! आप्पासाहेब म्हणाले, पोरांना कळू द्या, आपल्यात केव्हापासून इंग्रजी आहे.

मैत्री म्हणाली, आजोबा, तुमचेच शब्द वापरा हं, ते जुने. मला आवडतात. मी कधी म्हटलं नाही तुम्हाला.

भाषण लिहायला बसलो. टाइपरायटरकडे हात जाईना. हाताने लिहायला घेतलं.

१० एप्रिल

वीस दिवस झाले. पत्र हरवलं यात शंका नाही. दैव आपल्या बाजूने आहे. मैत्रीला सांगण्याचा प्रश्न आता कायमचा निकालात. उगाच चार महिने जीव जाळला. भाषण मस्त जमलं आहे. पहाटे फिरायला गेलो.

१३ एप्रिल, सायंकाळी ५.४०

पाचला बेल वाजली. खाली मांडव चालला आहे, निळ्या पताका लागताहेत, तेव्हा वाटलं, खुर्च्या मागायला आलेली पोरं. मैत्रीने दार उघडलं.

आगटे सर. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर घाम, चार मजले चढून आलेले. आज सुट्टी, तरी. मैत्री म्हणाली, सर, तुम्ही? इकडे? सर म्हणाले, आजोबा आहेत का घरी?

बसले. पाणी प्यायले. खिशातून घडी केलेले कागद काढले. पहिला त्यांना आलेली ई-मेल. विद्यापीठ विचारतं आहे, की तुमच्या विद्यार्थिनीच्या पत्त्यावरून एका वृद्ध गृहस्थांचं पत्र आलं आहे, त्यांचं म्हणणं तुमची तिघांची पत्रं त्यांनी लिहिली. खरं काय ते सोमवारपर्यंत कळवा, तोवर ॲडमिशन थांबवली आहे. खाली एक ओळ होती. सरांनी ती माझ्याकडे बघून वाचली. ॲडमिशन मार्क आणि प्रोजेक्ट बघून दिली होती. शिफारसपत्रं त्या वेळी कोणी उघडलीही नव्हती. या गृहस्थांचं पत्र आल्यावर काढून वाचली.

उघडलीही नव्हती.

विद्यापीठाने माझ्या पत्राची प्रत जोडली होती. मैत्रीने ती सरांच्या हातून घेतली आणि फ्रिजला टेकून वाचायला लागली. दोन पानं. पहिलं पान उभ्याने वाचलं, दुसऱ्याला खाली बसली. मी तिच्या डोळ्यांकडे न बघता कागदाकडे बघत होतो. उजेडात कागद पलीकडून दिसतो. सगळे 'ई' वर उडालेले.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला डिसेंबरपासून माहीत होतं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी दीड महिना समजत होते, की मीच मठ्ठ आहे.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

सरांनी आणखी एक कागद पुढे केला. म्हणाले, आम्ही तिघं लिहिणार आहोत की पत्रं आमचीच, आमच्या सांगण्यावरून आजोबांनी फक्त टाइप केली. नाहीतर पोरगीही अडकेल आणि आम्हीही. पण तुमच्या या पत्राचं काहीतरी करायला हवं. मी मजकूर आणला आहे. तुम्ही खाली सही करा.

मजकूर सरांनीच लिहिलेला. 'आय ॲम ओल्ड पर्सन ऑफ सिक्स्टी एट इयर्स. सिन्स लास्ट वन इयर माय माइंड इज नॉट वर्किंग प्रॉपर. आय हॅव रोट दॅट लेटर बाय कन्फ्यूजन. किंडली इग्नोर.'

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून द्वारका पुढे आली. पंचेचाळीस वर्षांत या बाईने कधी माझी बाजू घेतलेली मला आठवत नाही. सरांना म्हणाली, असं काही लिहून मिळणार नाही. हा माणूस वेडपट आहे, पण डोकं ठिकाणावर आहे त्याचं. मला विचारा.

सर गडबडले. मी म्हटलं, द्वारका, राहू दे. करतो सही. मग सरांना म्हटलं, फक्त यात चार चुका आहेत, दहा मिनिटं द्या, नीट टाइप करून देतो. सर खुर्चीतून अर्धे उठले. नको, नको, टाइप अजिबात नको.

मैत्री जमिनीवरूनच म्हणाली, चुका तशाच राहू द्या, आजोबा. त्यामुळेच तर खरं वाटेल.

बरोबर आहे तिचं. शाळेपासूनची हुशार.

उद्या मंचावर बोलायचं आहे. ते आता कसं करायचं, विचारलं नाही. बॅनर मात्र खाली लागलं आहे, बाल्कनीतून दिसतं. सुंदर अक्षर आहे.

पेन घेऊन येतो, असं सांगून आत आलो आणि ही वही उघडली. त्याला वीस मिनिटं झाली असावीत. बाहेर कपबशा वाजल्या, सरांनी घड्याळाचा विषय काढला. मोडेम गप्प आहे. पहिल्या वाक्यात 'ॲन' हवं होतं. 'ॲन ओल्ड पर्सन'. निदान तेवढं.

मैत्री येऊन खोलीच्या दारात उभी राहिली आहे. विचारते, सापडलं का पेन?

पेन माझ्या हातातच आहे, हे तिला दिसतं आहे.